शोधनिबंधाची रांगोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला न विचारता माझे नाव कार्यक्रमपत्रिकेत घातले, तेव्हा मी त्यांच्यावर रागावलेच होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. बोलण्याची सवय म्हणाल तर बाजारात भाव करण्यापुरती. शिवाय विषय कोणता, तर वैद्यकीय शोधनिबंधांची चित्रे! ऐकूनच कुणाला हसू येईल. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही अंगणात जे केलंत तेवढंच सांगा, जास्त काही नको." तेव्हा अंगणात जे केले तेवढेच सांगणार आहे. चुकले तर पदरात घ्या.

प्रथम शोधनिबंध म्हणजे काय ते सांगते, कारण दोन वर्षांपूर्वी मलाही ते ठाऊक नव्हते. डॉक्टर मंडळी एखादी गोष्ट तपासून पाहतात. किती माणसे घेतली, त्यांचे काय मोजले, काय आढळले आणि काय आढळले नाही, हे सगळे ती लिहून काढतात. दुसरे जाणकार ते वाचून शंका काढतात आणि मग ते मासिकात छापले जाते. हा झाला शोधनिबंध. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि आकड्यांनी गच्च भरलेला असतो. त्याचे सार एका पानावर चित्ररूपाने मांडले तर त्याला चित्रसार म्हणावे. अमेरिकेत अँड्र्यू इब्राहिम नावाच्या शल्यवैद्याने 'अॅनल्स ऑफ सर्जरी' या मासिकात २०१६ साली अशी एकपानी चित्रे सुरू केली, आणि तेथून ती पद्धत पुष्कळ वैद्यकीय मासिकांनी उचलली.

पण भगिनींनो, असे चित्र आपल्यापैकी प्रत्येक आईच्या घरात कधी ना कधी आलेले आहे. अंगणवाडीतून बाळाचे कार्ड मिळते ना? त्यावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी पट्टा असतो आणि सेविकाबाई दर महिन्याला वजन करून त्यावर ठिपका देतात. त्या पट्ट्यांमागे केवढा व्याप आहे! जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत अशा सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुले मोजली. आपल्याकडची मुले दिल्लीची होती. त्यावरून २००६ साली वाढीची मापे प्रसिद्ध झाली. तो सारा अभ्यास अंगठा उठवणाऱ्या आईलाही समजतो, कारण तिला एवढेच पाहायचे असते की ठिपका वर चढतो आहे की खाली उतरतो आहे. याहून चांगले चित्रसार मी तरी पाहिलेले नाही.

आता मी यात कशी पडले ते सांगते. ते सांगायचे तर आधी माझी एक चूक सांगितली पाहिजे. ज्यांच्याबाबत ती घडली त्या आमच्या वन्सं आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगते आहे.

वन्संचा बांधा पहिल्यापासून काठीसारखा. चार बाळंतपणे झाली तरी अंगावर मांस म्हणून चढले नाही. सहा वर्षांपूर्वीच्या वैशाखात त्यांना फार तहान लागू लागली. रात्री दोन-तीनदा उठावे लागे. दुपारी गळून जात. त्याच सुमारास आमच्या आळीत साखर तपासण्याचे शिबिर लागले होते. वन्सं रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मी तेथून चालले होते. मी म्हटले, "वन्सं, तुम्ही इथे कशाला? साखर व्हायची ती माझ्यासारख्या जाड बायकांना. तुमच्यासारख्या सडपातळ बाईला कसली साखर? आणि वैशाखात तहान लागणारच. चला, रस आटवायचा आहे, आंबापोळ्या घालायच्या आहेत." त्या हसल्या आणि रांग सोडून माझ्याबरोबर आल्या. त्या दिवशी आम्ही ताटेच्या ताटे पोळ्या वाळत घातल्या.

पुढे दीड वर्षाने त्यांना डाव्या डोळ्याने धूसर दिसू लागले. तपासणीत रक्तातील साखर फार वाढलेली निघाली आणि डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेला होता. उपचार झाले. उजवा डोळा शाबूत आहे. डाव्यासमोर जाळे राहिले ते राहिलेच. त्या दिवशी तपासले असते तर डोळा वाचलाच असता, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण दीड वर्ष आधी कळले असते, एवढे तर खरे. वन्संनी मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. म्हणूनच ते जास्त लागते.

वन्संची धाकटी लेक, म्हणजे माझी भाची, पुण्यास डॉक्टरकीचे पुढचे शिक्षण घेते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत ती आली, तेव्हा तिच्यापाशी एक काम होते. एका शोधनिबंधाचे चित्रसार करायचे आणि ते खेड्यातील बायकांना समजेल असे करायचे. तिने ते संगणकावर करून आणले होते. गोल चकत्या, बाहुल्यांएवढी माणसे, चहूकडे बाण. तिने विचारले, "मामी, कसं आहे?" मी म्हटले, "सुंदर आहे हो." ती म्हणाली, "सुंदर असू दे. तुला काय कळलं ते सांग." मी गप्पच बसले. मला काहीही कळले नव्हते.

तेव्हा तिने संगणक मिटला आणि सांगायला सुरुवात केली.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचा अभ्यास करतात. त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी मिळून २००४ साली 'लॅन्सेट' या मासिकात एक लहानसा लेख छापला. त्यात त्या दोघांचेच छायाचित्र आहे. दोघे शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा डॉक्टर काढतात, तो दोघांचाही सारखाच, २२.३. म्हणजे ना जाड, ना बारीक. पण यंत्राने अंगातील चरबी मोजली, तर साहेबांच्या अंगात शंभरातील ९.१ भाग आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ भाग! दुपटीहून जास्त. लेखात त्यांनी विनोदाने असेही लिहिले आहे, की एक गृहस्थ मॅरेथॉन पळतात आणि दुसऱ्यांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटायच्या आत गाठणे. शिवाय आपल्या डॉक्टरांचे जन्माच्या वेळचे वजन कमी होते, हेही त्यांनी नमूद केले आहे.

मी ऐकतच राहिले. वरून बारीक दिसणाऱ्याच्या अंगात एवढी चरबी असू शकते? मग मी वन्संना रांगेतून कशाच्या जोरावर ओढून आणले होते?

मी तशीच उठले. अंगण सारवलेले होते. रांगोळीने दोन सारखी माणसे काढली आणि घरातून तांदूळ व कुळीथ आणले. प्रत्येक माणसात शंभर दाणे मांडले. एकात एक्क्याण्णव तांदूळ आणि नऊ कुळीथ, दुसऱ्यात एकोणऐंशी तांदूळ आणि एकवीस कुळीथ. कुळीथ म्हणजे चरबी. बाहेरची रेघ सारखी, आतले दाणे वेगळे. भाची उभी राहून पाहत होती. म्हणाली, "मामी, हे मला का सुचलं नाही?" मी म्हटले, "तुला रांगोळी कुठे येते?"

पण घरी परतताना माझ्या मनात एक शंका आली आणि मी ती तिला दुसऱ्या दिवशी विचारली. "काय गं, दोनच माणसं मोजली आणि सगळ्या हिंदुस्थानाला लागू केली? उद्या मी आणि शेजारच्या काकू उभ्या राहिलो तर त्यावरून रत्नागिरी ठरवशील काय?" ती खूश झाली. म्हणाली, "हाच प्रश्न विचारायचा असतो! दोन माणसांचं चित्र हा पुरावा नव्हे, तो दाखला आहे. पुरावा पुष्कळांच्या मोजमापांत असतो." आणि तिने दुसरा निबंध काढला.

हा निबंध २००३ सालचा. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील ६३१ नवजात बाळे आणि इंग्लंडमधील साऊदॅम्प्टन गावची ३३८ बाळे, यांची मापे त्यात आहेत. सगळी पूर्ण दिवसांची. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो आणि तिकडच्यांचे ३.५ किलो. भाचीने मला सांगितले की आपली बाळे लहान, पण त्यांच्या अंगावरची चरबी टिकून राहिलेली. म्हणून त्यांना 'बारीक तरी चरबीदार' बाळे म्हणतात.

मी लगेच रांगोळी काढली. एक मोठे बाळ, एक लहान बाळ. मोठ्या बाळाभोवती हळदीची बारीक रेघ, लहान बाळाभोवती जाड पट्टा. हळद म्हणजे चरबी. मला वाटले, छान जमले. शेजारणी जमल्या, त्यांनीही मान डोलावली. "म्हणजे आपल्या बाळांना साहेबांच्या बाळांपेक्षा जास्त चरबी, होय ना?" एकीने विचारले. मी म्हटले, "होय तर."

भाची धावत आली. म्हणाली, "मामी, पूस ते. असं त्यांनी लिहिलेलं नाही."

मला अंमळ राग आला. तासभर वाकून काढलेले पुसायचे म्हणजे काय! पण तिने शांतपणे समजावले. आपल्या बाळांची चरबी तिकडच्या बाळांहून जास्त नव्हती. तीही कमीच होती. पण अंगातील बाकीचे जेवढे घटले होते, तेवढी ती घटली नव्हती. एवढाच त्या निबंधाचा सांगावा. माझे चित्र दिसायला स्पष्ट होते, लक्षात राहणारे होते आणि खोटे होते. भगिनींनो, नीट न समजलेला कागद माणूस बाजूला ठेवतो. पण खोटे चित्र माणूस घरी घेऊन जातो आणि दहा जणींना सांगतो.

मग पुन्हा विचार केला. निबंधात वजन किलोत, लांबी सेंटिमीटरमध्ये, चरबीची जाडी मिलिमीटरमध्ये. या सर्वांची तुलना एकाच मापाने कशी करायची? भाची म्हणाली की तज्ज्ञांनी त्यावर तोड काढलेली आहे. साऊदॅम्प्टनची बाळेही काही एकसारखी नव्हती. कुणी थोडे मोठे, कुणी थोडे लहान. त्या बाळांत आपापसांत जो सर्वसाधारण फरक असतो, तो एक माप धरायचा. मी म्हटले, "म्हणजे एक पायरी." ती म्हणाली, "पायरीच म्हण."

आणि मी पायऱ्या काढल्या, मांडवीच्या धक्क्यावरून पाण्याकडे उतरताना असतात तशा. सर्वांत वरच्या पायरीवर साऊदॅम्प्टनची बाळे. मग आपल्या बाळांचे एकेक माप त्याच्या जागी मांडले. पोटाचा घेर जवळजवळ अडीच पायऱ्या खाली. दंडाचा घेर पावणेदोन पायऱ्यांहून किंचित अधिक खाली. अंगाची लांबी एक पायरी खाली. आणि पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची चरबी फक्त अर्धी पायरी खाली. पोटाच्या जागी तांब्या ठेवला, दंडाच्या जागी बांगडी, लांबीच्या जागी काडी आणि चरबीच्या जागी लोण्याची वाटी. आता कुणीही पाहावे. सगळेच खाली उतरलेले आहे, पण लोण्याची वाटी सर्वांत कमी उतरली आहे. पोटातील यकृतासारखे अवयव आणि दंडाचे मांस मागे पडले, चरबी मात्र तेवढी मागे राहिली नाही.

या वेळी मी आधीच्याच शेजारणींना बोलावले, पण स्वतः काही सांगितले नाही. त्यांनाच म्हटले, "काय दिसतंय ते तुम्ही सांगा." आधी जिने विचारले होते तीच पुढे होऊन म्हणाली, "अगो, म्हणजे बाळ सगळंच लहान, पण लोणी त्या मानाने राहिलंय." भाचीने टाळी वाजवली. मी सुटकेचा श्वास टाकला.

त्या दिवसापासून आमचा एक नियम ठरला. चित्र दाखवायचे, तोंड बंद ठेवायचे आणि बघणारीकडून वदवून घ्यायचे. ती जे बोलेल तेच आपले चित्र. आपल्या मनात काय होते याला काही किंमत नाही. या नियमाने आमच्या पुष्कळ चुका पकडल्या. पहिली दाण्यांची रांगोळी मिरकरवाड्याहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना दाखवली, तर त्या म्हणाल्या, "शंभरातली नऊ माणसं आजारी, आणि तिकडे एकवीस." त्यांनी दाण्याला माणूस मानले! त्यांचे काय चुकले? आपण जनगणनेच्या चित्रांत तसेच पाहतो. म्हणून मग माणसाच्या आकृतीवर हातपाय, डोके स्पष्ट काढले आणि पायाशी तराजू काढून दोन्हीकडचे वजन सारखे दाखवले. मग त्यांना समजले. दुसऱ्या एका चित्रात धोका दाखवायला भाचीने कुंकू वापरले. एक आजी म्हणाल्या, "कुंकू लावलेलं ते शुभ." झाले! कुंकू पुसून कोळशाची पूड घेतली.

आता बाणाची गोष्ट सांगते, कारण मला वाटते सर्वांत महत्त्वाची तीच आहे.

त्याच पुण्याच्या अभ्यासातून २००१ साली आणखी एक निबंध आला होता. गरोदरपणी ज्या बायका हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. मला फार आनंद झाला. हे तर आपल्या हातातले! परसातला माठ, अळू, शेवग्याचा पाला. मी एका बाजूला भाजीची जुडी काढली, दुसऱ्या बाजूला गुटगुटीत बाळ, आणि मध्ये झोकदार बाण ओढला.

भाची म्हणाली, "मामी, बाण काढू नकोस. बाण म्हणजे 'यामुळे'. निबंधात 'यामुळे' नाही, 'याबरोबर' आहे."

मला त्यातला भेद कळेना. तेव्हा तिने विचारले, "आपल्याकडे पावशा ओरडतो आणि पाऊस येतो. पावशाने पाऊस आणला का?" मी म्हटले, "छे!" "पण दोन्ही बरोबर येतात ना? तसंच हे. भाजी जास्त खाणारी बाई कदाचित घरची बरी असेल, तिच्या दाराशी गाय असेल, तिला विसावा मिळत असेल. नुसत्या भाजीने झालं का, हे ठरवायला वेगळा प्रयोग करावा लागतो."

आणि तो प्रयोग खरोखरच झाला होता. मुंबईच्या झोपडवस्तीत साडेसहा हजारांवर बायका त्यात होत्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला दिवस राहण्याच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ रोज देऊ केला. दुसऱ्या गटालाही खाऊच, पण बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा. २०१४ साली निष्कर्ष छापला गेला. सगळ्या बायका मिळून पाहिले तर बाळांच्या वजनात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नव्हता. ज्यांनी दिवस राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून खाऊ घेतला, त्यांच्या बाळांचे वजन थोडे वाढलेले दिसले. मात्र पुढे २०१६ साली त्याच प्रयोगातून असेही आढळले, की पालेभाजीचा खाऊ घेणाऱ्यांत गरोदरपणातील मधुमेह कमी होता.

पाहा, मी तो बाण काढून सगळ्या आळीला दाखवला असता तर केवढा घोटाळा झाला असता! एखादीने चार महिने निगुतीने भाजी खाल्ली असती आणि बाळ अडीच किलोचे झाले असते, तर सासूने तिलाच बोल लावला असता, "तू नीट खाल्लं नाहीस." बाण काढणाऱ्या हाताला हे ठाऊक असायला हवे. भाजी खावी, ती चांगलीच आहे. पण चित्राने तिच्याकडून नसते वचन देऊ नये.

आता मी दोघींच्या मध्ये बाणाऐवजी नुसते ठिपके देते. आणि प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहितेच लिहिते: किती माणसे मोजली, कुठली माणसे होती आणि काय समजले नाही. पहिल्या दोन गोष्टी सगळे लिहितात. तिसरीला जागा पुरत नाही असे म्हणतात. मी म्हणते, नक्षी कमी करा, जागा पुरेल.

आपल्यासारख्यांसाठी वैद्यकीय ज्ञान सोपे करण्याचे काम मी शोधून काढले असे मुळीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने बाळांच्या न्यूमोनियावर काम केले. त्यांचा त्याविषयीचा निबंध १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. गावात न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मिनिटाला किती, हे मोजावे लागते. पण गावातील सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजणे जड जाई. तेव्हा त्यांनी एक साधन केले: वाळूचे घड्याळ आणि जोडीला मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू सरण्याच्या आत लाल मण्याची पाळी आली, की श्वास जास्त. बाईला दहापर्यंत मोजता आले म्हणजे पुरे. मला हे ऐकून फार धीर आला. तिला कमी समजते असे त्यांनी म्हटले नाही. तिला जे येते तेथून सुरुवात केली.

भगिनींनो, हल्ली आपल्या सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे. रोज सकाळी सुप्रभातबरोबर आरोग्याची दोन-चार चित्रे येतात. अमक्या बीने साखर जाते, तमक्या काढ्याने हृदय साफ होते. चित्रे सुबक असतात. बाण ठळक असतात. पण किती माणसे मोजली, कुठली, आणि काय समजले नाही, हे त्यावर असते काय? नसेल तर ते चित्र पुढे ढकलू नका, एवढी माझी विनंती आहे. मी तोंडाने एक खोटे चित्र पुढे ढकलले होते: जाड म्हणजे साखर, बारीक म्हणजे निर्धोक. ते कुठल्या कागदावर काढलेले नव्हते. माझ्या डोक्यात होते, आणि मी त्याचा बाण वन्संच्या दिशेने काढला.

आता मंडळापुढे माझी सूचना मांडते. दर वर्षी वर्धापनदिनाच्या रांगोळी स्पर्धेत मोर, कमळ आणि गालिचे असतात. ते असावेतच. पण एक जागा अशा रांगोळीला द्यावी. तीन-चार जणींनी मिळून एक शोधनिबंध घ्यावा आणि समजावून सांगायला जाणकार डॉक्टर किंवा परिचारिका बोलवावी. परीक्षण मात्र शिकलेल्या बाईने करू नये. बाजारातून जाणाऱ्या कुणा मावशीला थांबवून विचारावे, "काय दिसतं?" तिने बरोबर सांगितले तर पहिला नंबर.

आणि दुसरे. आपल्या आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील माणसांची साखर आणि रक्तदाब तपासतात. जाड असा, बारीक असा, एकदा जाऊन या. येत्या गुरुवारी मी स्वतः शिवणाची टेप घेऊन मंडळात बसणार आहे. भारतीय बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर जपावे, असे तज्ज्ञ सांगतात. हा आकडा वर सांगितलेल्या निबंधांतला नव्हे, हे मुद्दाम सांगते, नाहीतर भाची रागावेल. आणि टेप म्हणजे काही तपासणी नव्हे. घेर कमी भरला म्हणून घरी बसू नका. वन्संचाही कमीच भरला असता.

दाण्यांच्या त्या दोन माणसांचे चित्र भाचीने कागदावर उतरवून दिले आहे आणि ते आपल्या मंडळाच्या भिंतीवर लावले आहे. त्याखालच्या ओळी मोठ्या अक्षरांत आहेत. त्या वन्संनी सांगितल्या म्हणून तशा काढल्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, एका डोळ्याने वाचता येईल एवढं मोठं काढा." त्यापेक्षा चांगला परीक्षक मला मिळायचा नाही.